लोकरीतच रंगलेला

इंग्रजीत 'डाइड-इन-द-वुल' असे एक मोठे गमतीचे जोडविशेषण आहे. शब्दशः अर्थ पाहू गेल्यास 'लोकरीत असतानाच रंगवलेला'. एखाद्याची मते इतकी पक्की झाली आहेत की ती आता बदलणे नाही, असे सांगायचे असले म्हणजे इंग्रज हे विशेषण वापरतो. आपण त्याचे भाषांतर 'कट्टर' असे करून मोकळे होतो. परीक्षेत तेवढे लिहिले की गुणही मिळतात. मला मात्र हा प्रतिशब्द पटत नाही, आणि तो का पटत नाही हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. शब्दांच्या व्युत्पत्तीत नाक खुपसण्याचा तुला काय अधिकार, असे भाषेचे प्राध्यापक विचारतील. माझे उत्तर एवढेच की हा शब्द मुळात पंडितांचा नाहीच. तो लोकरीच्या धंद्यातला आहे, आणि धंद्याचा हिशेब घातल्यावाचून त्याचा अर्थ पुरता उलगडत नाही.

तेव्हा आधी धंदा पाहू. मेंढीची लोकर कातरली की धुऊन तिच्यातील तेलकटपणा काढतात. मग ती पिंजायची, कातून सूत काढायचे आणि सूत मागावर चढवून कापड विणायचे. रंग द्यायचा तो यातील कोणत्याही टप्प्यावर देता येतो. विणून झालेला पांढरा ताणाच रंगात बुडवावा हा एक मार्ग. विणण्यापूर्वी सुताच्या लडी रंगवाव्यात हा दुसरा. आपली इरकली साडी या दुसऱ्या मार्गाची आहे. तिच्यातील सूत रंगूनच मागावर येते, म्हणून तर तिचे काठ आणि अंग विणता विणता वेगळे रंग दाखवतात. तिसरा मार्ग सर्वांत आधीचा. कातण्याच्याही अगोदर, मोकळी लोकर असतानाच तिला रंग द्यायचा. हेच 'डाइड इन द वुल'. यात रंग प्रत्येक तंतूला चहूबाजूंनी भिडतो. कुठे कमीअधिक बसला असेल तर पिंजताना आणि कातताना तो सारखा होऊन जातो. जाड, दाट कापड विणून झाल्यावर रंगवले तर मधल्या भागापर्यंत रंग पोचेलच असे नाही, आणि कात्री लावली की आतला फिकटपणा उघडा पडतो. लोकरीतच रंगलेल्या कापडाला ही भीती नाही. कुठेही कापा, आत तोच रंग.

आपल्याकडे लोकरीवरून असा शब्द का झाला नाही, याचा मी थोडा विचार केला. आपली लोकर म्हणजे घोंगडी, कन्नडमध्ये कंबळी. दख्खनी मेंढीची काळी लोकर जन्मतःच काळी असते, तिला रंगवण्याची गरजच पडत नाही. जिथे लोकर रंगवत नाहीत तिथे रंगवलेल्या लोकरीची उपमा येणार कुठून? हा अर्थात माझा तर्क आहे, धनगर मंडळींनी दुरुस्त करावा.

इंग्लंडची गोष्ट वेगळी. तिथे लोकर म्हणजे राज्याचा कणा होता. ब्रिटिश पार्लमेंटच्या उमरावसभेत अध्यक्ष आजही ज्या आसनावर बसतो ते लोकर भरलेले एक मोठे तांबडे गादीवजा आसन आहे, आणि त्याचे नावच 'वुलसॅक', म्हणजे लोकरीचे पोते! अशा देशात लोकरीचे शब्द धर्मग्रंथातही शिरले तर नवल नाही. रिचर्ड हूकर या धर्मशास्त्रज्ञाच्या 'लॉज ऑफ एक्लेझिअ‍ॅस्टिकल पॉलिटी' या ग्रंथाचा पाचवा खंड १५९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात बालपणाला त्याने लोकरीची उपमा दिली आहे. त्या लोकरीत जो रंग बसला तो पुढे बदलत नाही, असा त्याचा आशय. म्हणजे पहिल्यापासूनच या शब्दामागे संस्कारांची कल्पना आहे. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. लोकर स्वतःला रंगवत नाही, तिला दुसरा कोणी रंगवतो. 'मी लोकरीतच रंगलेला आहे' असे जो छातीठोकपणे सांगतो, तो खरे पाहता आपल्या आईवडिलांच्या, गल्लीच्या आणि शाळेच्या कामगिरीबद्दल बोलत असतो. त्यात त्याचा स्वतःचा पराक्रम फारसा नाही.

आता हिशेबाकडे वळते. कारण माझ्या मते या शब्दाचे खरे मर्म तिथेच आहे.

एकरंगी कापड हवे असेल तर लोकर रंगवण्याचा खटाटोप व्यापाऱ्याने का करावा? पांढरे कापड विणून ठेवावे, गिऱ्हाईक म्हणेल तो रंग शेवटी द्यावा, हे कितीतरी सोयीचे. लोकरच रंगवून ठेवली आणि पुढच्या हंगामात तो रंग कोणी विचारीनासे झाले, तर तो सारा माल पडून राहतो, आणि त्यात भांडवल अडकते. इटलीच्या बेनेटन कंपनीने १९७० च्या दशकात नेमका हाच हिशेब ओळखला. स्वेटर आधी बिनरंगाचे विणायचे आणि बाजाराचा कल पाहून मग रंगवायचे, ही तिची पद्धत आज व्यवस्थापनाच्या वर्गात उदाहरण म्हणून शिकवतात. रंगाचा निर्णय जितका उशिरा, तितकी जोखीम कमी.

मग इतकी जोखीम पत्करून लोकरीतच रंग देण्याची प्रथा टिकली कशी? टिकाऊपणा हे एक कारण झाले. पण दुसरे कारण त्याहून मोठे आहे, आणि ते शब्दाच्या प्रचलित अर्थाच्या अगदी उलट जाते. लोकर आधी रंगवली म्हणजे निरनिराळ्या रंगांची लोकर एकत्र पिंजता येते. एकाच धाग्यात निळा, पिवळा, तांबडा असे तंतू शेजारी शेजारी बसवता येतात. विणलेला ताणा रंगवून हे साधत नाही. थोडक्यात, लोकर रंगवायची ती मुख्यतः मिसळण्यासाठी!

हे माझ्या मनाचे श्लोक नव्हेत, इंग्लंडच्या व्यापाराचा इतिहास त्याला साक्ष आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडचे लोकरी कापड बहुतांशी पांढरेच परदेशी जाई. डच कारागीर ते रंगवीत, त्यावर शेवटचा हात फिरवीत आणि नफ्याचा मोठा वाटा आपल्याकडे ठेवीत. लंडनचा व्यापारी विल्यम कॉकेन याने राजा पहिला जेम्स याच्या गळी उतरवले की पांढरे कापड बाहेर पाठवणेच बंद करावे, रंगकाम घरीच करावे, म्हणजे नफाही घरीच राहील. १६१४ साली तशी बंदी झाली. कल्पना ऐकायला किती स्वाभिमानी! पण रंगकामाची तयारी इंग्लंडपाशी पुरेशी नव्हती, आणि डचांनी इंग्रजी रंगीत कापडावर उलट बंदी घातली. माल तुंबला, विणकर उपाशी बसले, आणि १६१७ साली योजना गुंडाळावी लागली. पांढऱ्या कापडाचा धंदा पुन्हा पूर्वीसारखा सावरला नाही. त्यानंतरच्या दशकांत विल्टशर आणि सॉमरसेटकडील कापडवाल्यांनी वेगळी वाट काढली. त्यांनी लोकर आधी रंगवून, वेगवेगळे रंग एकत्र करून कापड विणायला सुरुवात केली. या कापडाला 'मेडली' म्हणत. मेडली म्हणजे मिश्रण. बाजार बसल्यावर त्या भागाला पुन्हा उभे केले ते लोकरीतच रंगलेल्या या मिश्र कापडाने.

हीच रीत स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील आउटर हेब्रिडीज बेटांवर आजही चालू आहे. तेथील हॅरिस ट्वीडला १९९३ च्या ब्रिटिश कायद्याचे संरक्षण आहे. लोकर रंगवायची आणि कातायची ती बेटांवरच, आणि कापड विणायचे ते बेटकऱ्यांनी आपल्या घरी, हातमागावर. दुरून हे कापड साधे तपकिरी किंवा करडे दिसते. जवळ जाऊन पाहावे तर त्या तपकिरीत निळा असतो, शेवाळी असतो, मधूनच नारिंगी असतो. प्रत्येक तंतूचा रंग पक्का आहे. शेजारच्या तंतूचा रंग त्याला लागत नाही, आणि शेजाऱ्याला पुसून टाकण्याची त्याला गरजही वाटत नाही.

अशा या कारखान्यातल्या शब्दाचा अर्थ राजकारणात गेल्यावर बदलला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत तो पक्षनिष्ठेसाठी सर्रास वापरात आला. १८३० साली डॅनियल वेब्स्टर या प्रसिद्ध वक्त्याच्या भाषणात तो आढळतो, पण कसा? जो माणूस अर्ध्या तासात पक्ष बदलून आपण मूळचेच, लोकरीपासूनचे डेमोक्रॅट असल्याचे मिरवतो, त्याची टर उडवण्यासाठी! मला हे फार अर्थपूर्ण वाटते. निष्ठेचा सर्वांत मोठा गजर बहुधा कालपरवा रंगलेलाच करतो. जुन्याला तशी निकड वाटत नाही.

इंग्रजीत याच कुळातली आणखी काही विशेषणे आहेत. 'हाइडबाउंड' हा मूळचा गुराढोरांचा शब्द आहे. चारापाणी नीट न मिळाल्याने जनावराचे कातडे बरगड्यांना चिकटते, ती अवस्था. तिच्यावरून संकुचित, जुनाट मतांच्या माणसाला हाइडबाउंड म्हणू लागले. 'हार्ड-अँड-फास्ट' हा शब्द खलाशांचा. किनाऱ्यावर रुतून बसलेले जहाज हार्ड-अँड-फास्ट. आपण मात्र 'हार्ड अँड फास्ट रूल' असा काही नाही, एवढ्यापुरतेच त्याला ओळखतो. जाता जाता सांगते, या 'फास्ट'चा वेगाशी संबंध नाही. त्याचा जुना अर्थ घट्ट, न हलणारा. कापडाच्या दुकानात 'फास्ट कलर' म्हणतात तोही याच अर्थाने. मी लहानपणी तो लवकर निघून जाणारा रंग समजत असे. असो. भुकेले गुरू आणि रुतलेले जहाज यांच्याशेजारी रंगलेली लोकर ठेवली म्हणजे दिसते की पहिल्या दोघांत लाचारी आहे, तिसरीत कारागिरी आहे. म्हणूनच आज इंग्रजीत हे विशेषण कधी टीकेसाठी येते, तर कधी कौतुकासाठी.

आता आपले शब्द पाहा. पक्क्या माणसासाठी मराठीने किती ठिकाणांहून शब्द उचलले आहेत! 'पक्का' आला पिकण्या-शिजण्यातून. 'मुरलेला' आला लोणच्याच्या बरणीतून. 'कडवा' जिभेवरून. 'अस्सल' अरबीतून, मूळ या अर्थाच्या शब्दापासून. आणि 'हाडाचा' थेट शरीरातून. हाडाचा शिक्षक, हाडाचा शेतकरी. कन्नडमध्ये 'अप्पट' आहे, म्हणजे निर्भेळ, अप्पट कन्नडिग. 'कट्टा' तर दोन्ही भाषांत आहे. पण गंमत अशी की कन्नडमध्ये 'कट्टा अभिमानी' म्हणजे निस्सीम चाहता, आणि मराठीत आपल्याला 'कट्टा' म्हटले की पुढे 'वैरी' आठवतो. मराठीत म्हणतात, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. कन्नडमध्ये म्हणतात, 'हुट्टुगुण सुट्टरू होगदु', जन्माचा गुण जाळला तरी जात नाही. दोन्हीकडच्या आज्ज्या हे नातवंडांना उद्देशून अगदी एकाच सुरात म्हणतात, हे मी दोन्ही घरांत ऐकले आहे. माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले आणि आजोळ धारवाडकडचे.

या सर्व शब्दांत 'कट्टर'चा स्वभाव निराळा आहे. हाडाच्या शिक्षकाला विरोधक लागत नाही. एकटा फळ्यासमोर उभा राहिला तरी तो हाडाचा शिक्षकच. कट्टराला मात्र समोर कोणीतरी लागतो. कोणाच्या विरुद्ध, हे सांगितल्यावाचून कट्टरपणा पुरा होत नाही. आमच्या बेळगावात हा शब्द शाबासकीसारखा वापरतात. मोटरसायकलीच्या नंबरप्लेटवर, भिंतींवर, टोप्यांवर तो मिरवतो, आणि तो दोन्ही लिप्यांत मिरवतो. दोन्ही बाजूंची मुले बहुधा एकाच दुकानातून ते स्टिकर घेतात. दुकानदाराची भाषा कोणती, हे त्या वेळी कोणी विचारत नाही.

या अंकासाठी लेख मागवले तेव्हा एका मैत्रिणीने मला विचारले, "तू मराठी विभागात देणार की कन्नड?" मी म्हटले, "या वर्षी मराठीत देते, पुढच्या वर्षी कन्नडमध्ये देईन." ती हसून म्हणाली, "म्हणजे तू कच्चीच!" ती सहज बोलली, मीही हसले. पण शब्द मनात राहिला. कच्चा रंग कोणता? जो पाण्यात उतरतो तो. माझी मराठी धारवाडला गेल्यावर उतरत नाही, आणि माझे कन्नड बेळगावला आल्यावर फिके पडत नाही. मामाशी मी कन्नडमध्ये भांडते, काकांशी मराठीत. हिशेब मराठीत करते, आणि दचकले की तोंडातून 'अय्यो' निघते. यातला कोणता तंतू मागाहून रंगवलेला, हे मला तरी सांगता येणार नाही. वडगाव-खासबागेच्या बाजूला जिथे मागांचा खडखडाट ऐकू येतो, तिथे सूत आणणारा, विणणारा आणि साडी उचलणारा यांच्यात एका सकाळी भाषा किती वेळा बदलते हे कोणी मोजत नाही, आणि कोणी कोणाला कच्चा म्हणत नाही. तिथे कच्चा म्हणतात तो रंग उतरणाऱ्या सुताला.

यावर आमच्या एका प्राध्यापकांनी घेतलेला आक्षेप मला टाळता येत नाही. ते म्हणतात, "मिश्रणाच्या गोष्टी ज्याची भाषा सुरक्षित आहे त्याने कराव्यात. सीमेवर राहणाऱ्याने असे मऊ राहून चालत नाही." यात तथ्य आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून इथल्या मराठी माणसाच्या मनात जी सल आहे ती खोटी नाही. आपल्या भाषेत कागद मिळावा, आपल्या भाषेची शाळा टिकावी, यासाठी वर्षानुवर्षे अर्ज करणारी, खेटे घालणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि सोयीप्रमाणे रंग बदलणाऱ्यांच्या हातून ते काम झाले नसते. दुसरीकडे आपल्याच राज्यात आपली भाषा मागे पडते की काय, ही भीती माझ्या आजोळच्या माणसांतही आहे, आणि तीही खोटी नाही. तेव्हा ठामपणा हवाच. सरांना माझे सांगणे इतकेच आहे की ठामपणा हा तंतूचा गुण आहे, तो एकरंगी कापडाचाच असतो असे नाही. मराठी शाळा टिकावी म्हणून अर्ज करणाऱ्याला कन्नड येत असेल तर त्याचा अर्ज कमजोर होत नाही. उलट कचेरीत तो स्वतःच वाचून दाखवू शकतो, मधल्या माणसाची गरज पडत नाही. आणि कॉकेनसाहेबांच्या बंदीचे काय झाले ते वर आलेच आहे. त्यांचा बाणा कमी नव्हता, उपाशी बसले ते विणकर.

सरांना हे सर्वस्वी मान्य झाले नाही. "उपमा ही उपमाच असते," असे ते म्हणाले, आणि तेही खरे आहे. माणूस म्हणजे लोकर नव्हे. लोकरीवर बसलेला रंग तिला नको असेल तर ती काही करू शकत नाही. माणूस वाचून, प्रवास करून, मैत्री करून आपला रंग थोडाफार बदलू शकतो, आणि बदलतोही. हूकरला ते तितकेसे मान्य नसावे.

राहता राहिला प्रतिशब्दाचा प्रश्न. 'अ डाइड-इन-द-वुल बेळगावकर' याचे भाषांतर मला कोणी विचारले तर मी 'हाडाचा बेळगावकर' असे करीन, 'कट्टर' हा शब्द त्या जागी घालणार नाही. राजकीय पक्षाच्या संदर्भात टीका अभिप्रेत असेल तिथे 'कडवा' चालेल. कन्नडमध्ये 'अप्पट' चालेल असे मला वाटते, पण निर्भेळ या अर्थामुळे मिश्र लोकरीची छटा त्यात हरवते. पलीकडच्या विभागातील मित्रमैत्रिणींनी याहून चांगला शब्द सुचवला तर पुढच्या वर्षीच्या लेखात मी तो त्यांच्याच पानांवर वापरीन.